गळकी मॅट डकवावी की कापावी? एका दुरुस्तीचं प्रकरण

(प्रकरणातल्या व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. मॅटच्या कंपनीचं नावही मुद्दाम दिलेलं नाही.)

पार्श्वभूमी

पुण्यातली एक ट्रेकर. उंची १५७ सेंटिमीटर, वजन ५४ किलो. पावसाळा सरल्यापासून होळीपर्यंत सह्याद्रीतले दोन-तीन दिवसांचे ट्रेक, मुक्काम बहुतेक पठारावर तंबूत. मुक्कामाच्या सामानासकट सॅक पाण्याशिवाय सहा किलोंच्या आत ठेवायचा तिचा प्रयत्न असतो. तिच्याकडे झोपायला तोंडाने फुगवायची मॅट होती: आतून टीपीयूचा (तापवला की मऊ होऊन चिकटणाऱ्या लवचिक प्लास्टिकचा) थर दिलेलं ४० डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉन, लांबीच्या दिशेने जाणाऱ्या सात नळ्या, डोक्याकडे एक व्हॉल्व्ह. सपाट पसरली की १८६ बाय ७८ सेंटिमीटर, फुगवली की रुंदी साधारण ५० आणि जाडी ७ सेंटिमीटर. काट्यावर वजन ४१० ग्रॅम. आत रुपेरी फिल्म किंवा फायबर असं उबेसाठीचं काहीच नाही. पुढच्या सगळ्या गोष्टी या एका कारणाने शक्य झाल्या, म्हणून ते आधीच सांगितलेलं बरं.

रुंदीतल्या फरकाने दचकू नका. कापडाचे दोन थर रेषेरेषेने एकमेकांना चिकटवून अशा मॅटच्या नळ्या तयार होतात. नळी फुगून गोल झाली की तिची रुंदी सपाट रुंदीच्या साधारण ६४ टक्के उरते. ११ सेंटिमीटरची सपाट नळी ७ सेंटिमीटर व्यासाची होते. मोजमापं घेताना ती सपाट मॅटवरची आहेत की फुगवलेल्या, हे लिहून ठेवलं नाही तर पुढे घोळ होतो.

अडचण

डिसेंबरातल्या एका ट्रेकनंतर मॅट रात्री बसू लागली. झोपताना टणक, पहाटे तीनच्या सुमारास कंबर जमिनीला. उन्हाळाभर ती माळ्यावर पडून होती. जूनमध्ये तिने पायाकडच्या एका जागेवर सायकलच्या पंक्चरचं ठिगळ सोल्यूशन लावून चिकटवलं. ते आठवड्याभरात कडेने सुटलं.

ते सुटणारच होतं. सायकलचं सोल्यूशन रबराच्या ट्यूबसाठी असतं, रबरात रबर मुरवून जोड धरणारं. मॅटच्या बाहेरच्या अंगाला रबर नाही, पाणी झटकणारा लेप दिलेलं नायलॉन आहे. टीपीयू आहे तो आतल्या अंगाला, जिथे हात पोचत नाही. फेविक्विकची कथा वेगळी, पण शेवट तोच: ते चिकटतं झकास, वाळून काचेसारखं कडक होतं आणि मॅट दोन वेळा गुंडाळली की तडकतं. नायलॉनच्या विणीत मुरणारं आणि वाळल्यावरही लवचिक राहणारं ते युरेथेन. तंबूच्या शिवणी बुजवायला ट्यूबमध्ये जे सीलंट मिळतं, ते या जातीचं.

ऑगस्टमध्ये मॅट तिच्या ओळखीच्या एका दादाकडे गेली. सॅक, तंबू, गेटर्स असं सामान तो घरीच शिवतो आणि दुरुस्तही करतो. मागण्या दोन होत्या: गळती थांबव, आणि जमलं तर वजन कमी कर.

गळती खरी आहे का?

पहिला प्रश्न हाच असायला हवा. संध्याकाळी तोंडाने भरलेली हवा ३३-३४ अंशांची आणि दमट असते. पठारावर पहाटे १० अंश झाले की तीच हवा आकसते. केल्विनमध्ये पाहिलं तर ३०६ वरून २८३, म्हणजे साडेसात टक्के घट. मॅट त्यामुळे मऊ होते आणि छिद्र नसलेल्या मॅटवरही पंक्चरचा आळ येतो. कंबर जमिनीला टेकण्याइतकी मात्र ती बसत नाही. इथे गळती होतीच.

व्हॉल्व्ह आधी तपासला. मॅट टणक फुगवली, झाकण घट्ट केलं आणि तेवढाच भाग पाण्याच्या पातेल्यात दोन मिनिटं बुडवून धरला. बुडबुडा नाही. व्हॉल्व्हच्या रबरी रिंगेवर केस किंवा वाळूचा कण बसला तरी मॅट अगदी याच गतीने बसते, आणि त्याचा इलाज म्हणजे ओलं फडकं. म्हणून सुरुवात तिथून करायची.

मग कापड. पुण्याच्या फ्लॅटमध्ये आख्खी मॅट बुडेल असा टब नसतो. पाव लिटर पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड घालून स्प्रेच्या बाटलीने एकेक नळी भिजवली आणि प्रत्येक जागेकडे किमान मिनिटभर टक लावून पाहिलं. बारीक छिद्राला बुडबुड्यांची धार येत नाही. मोहरीएवढा पांढरा फेसाचा ठिपका हळूहळू जमतो, आणि घाईत हात फिरवला की तोच पुसला जातो. सापडलेल्या प्रत्येक ठिपक्याभोवती बॉलपेनने गोल आणि शेजारी डोक्याकडच्या कडेपासूनचं अंतर.

एकूण नऊ छिद्रं निघाली. आठ पायाकडच्या भागात, १४१ ते १७८ सेंटिमीटरच्या दरम्यान. नववं एकटंच ६२ सेंटिमीटरवर, कमरेच्या जागी. नऊच्या नऊ मॅटच्या वरच्या अंगाला.

पहिला निर्णय: छिद्रं कुठे आहेत यावरून काय समजायचं

तिचा आधीचा समज होता की जमिनीवरच्या काट्याने काम केलं, म्हणून ती जास्त जाडीचं ग्राउंडशीट घ्यायच्या विचारात होती. पण काटा जमिनीतून आला असता तर छिद्रं खालच्या अंगाला दिसली असती आणि मॅटभर विखुरलेली असती. ही सगळी वरून आणि पायांपाशी. दादाने तिला त्या ट्रेकचे मोजे आणायला सांगितलं. धुतलेल्या मोज्यांच्या घोट्याजवळ कुसळांची टोकं अजून रुतलेली होती.

ऑक्टोबरनंतर पठारावरचं गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. कुसळाचं टोक सुईसारखं, त्यावर उलटे केस आणि मागे ओलाव्याने पीळ घेणारी शेपटी. बी जमिनीत घुसावं म्हणून झाडाने केलेली ती सोय आहे. मोज्यात अडकलेलं कुसळ धुण्यानेही निघत नाही, उलट आत सरकतं. तेच मोजे घालून झोपलं की रात्रभर टाचेखाली मॅटवर सुई टोचत राहते. कमरेजवळचं छिद्रही पँटच्या खिशापाशी अडकलेल्या कुसळाचं असावं.

ग्राउंडशीटचे पैसे वाचले. शिवाय आठही छिद्रं डकवली तरी पुढच्या हिवाळ्यात तिथेच नवी पडणार, हेही कळलं. आणखी एक शंका रास्त होती: आठ सापडली तिथे नववं, दहावं केसाएवढं छिद्र न सापडलेलं असू शकतं.

पर्याय

नवी मॅट. त्याच वजनाची मॅट सहा-सात हजारांची होती. तिची तयारी होती, पण मोज्यातलं कुसळ नव्या मॅटलाही सोडणार नव्हतं.

नऊही छिद्रं डकवणं. छिद्रं मिलिमीटरच्या आतली, म्हणजे ठिगळाचीही गरज नाही, युरेथेनचा एकेक थेंब पुरे. खर्च एका ट्यूबचा. वजन मात्र तेवढंच राहतं, आणि न सापडलेल्या छिद्रांची धाकधूकही.

चिकटपट्टी. दुरुस्तीची तयार नायलॉन पट्टी डोंगरात उत्तम, घरी मात्र तात्पुरती. बाहेरच्या लेपावर तिची कड महिन्या-दोन महिन्यांत उचलते.

पायाकडचा भाग कापणं. हा पर्याय तिनेच सुचवला. ‘‘दादा, तेवढा तुकडाच उडवून टाकूया ना. माझ्या उंचीला १८६ कशाला लागतात?’’ त्यावर त्याचं उत्तर होतं, ‘‘उडवू. पण कापलेलं परत जोडता येणार नाही. आधी झोपून बघ.’’

तिला फरशीवर कुशीवर आणि पाठीवर झोपवून, उशीसकट, डोक्यापासून पोटरीच्या मध्यापर्यंत खडूने मोजलं: १२६ सेंटिमीटर. टाचा आणि घोटे मॅटबाहेर. तिथे सॅक किंवा फोम घालायचा.

वजनाचा हिशेब इथे प्रामाणिकपणे मांडायला हवा, कारण हलकं सामान करणाऱ्यांची फसगत नेमकी यातच होते. ४७ सेंटिमीटर कापले तर लांबीचा चौथा हिस्सा जातो आणि साधारण १०० ग्रॅम वाचतात. पायांखाली १० मिलिमीटर जाडीचा ५० बाय ५० सेंटिमीटर पॅकिंग फोम घेतला तर ६० ग्रॅम वाढतात. उरली ४० ग्रॅमची बचत, आणि तेवढ्यासाठी चांगली मॅट कापणं हा खुळेपणा ठरला असता. पण ही ट्रेकर बसायला आणि सॅकच्या पाठीला आधार म्हणून तसाच फोमचा तुकडा आधीपासून नेत होती. तोच रात्री पायांखाली गेला, म्हणून बचत पूर्ण १०० ग्रॅमची. दुसऱ्या कुणाच्या सॅकमध्ये हेच गणित वेगळं निघेल.

कापायचं ठरलं. वजन हे त्यामागचं दुय्यम कारण होतं. छिद्रं असलेला भाग जातो, आणि कुसळं घेऊन येणारे पाय फुगीर कापडावरून उतरून फोमवर जातात, हे मुख्य. फोमला कुसळ टोचलं तर टोचलं.

दुसरा निर्णय: कापण्याआधी हवेची वाट

लांब नळ्यांच्या मॅटमध्ये एका नळीतून दुसरीत हवा जायला कुठेतरी फट ठेवलेली असते. काही मॅटमध्ये ती दोन्ही टोकांना असते, काहींत फक्त पायाकडे, काहींत आलटून पालटून. पायाकडेच असेल आणि तोच भाग कापला तर व्हॉल्व्हची नळी तेवढी फुगेल आणि बाकीच्या सहा कायमच्या चपट्या राहतील.

तपासणी सोपी आहे. मॅट अर्धवट फुगवायची, पायाकडचं टोक घट्ट गुंडाळून त्यावर गुडघा ठेवायचा आणि एक नळी हाताने दाबायची. शेजारच्या नळ्या फुगल्या तर डोक्याकडे वाट आहे. उजेडासमोर धरलं तर जोडाच्या रेषा कडेच्या किती अलीकडे थांबतात तेही दिसतं. या मॅटमध्ये दोन्ही टोकांना पाच-पाच सेंटिमीटरची मोकळी जागा होती.

तिसरा निर्णय: काप कुठे घ्यायचा

गरज १२६ ची, पायाकडच्या आठांतलं सर्वांत वरचं छिद्र १४१ वर. काप १३९ वर घेतला, जोडाची रेषा १३६ ते १३८. म्हणजे जोड फसला तर आणखी कापून किमान दोनदा नव्याने जोडता येईल. पहिल्याच फटक्यात १२८ वर कापलं असतं तर वीस-पंचवीस ग्रॅम जास्त वाचले असते आणि चुकायला जागा उरली नसती. शिवाय कापलेला ४७ सेंटिमीटरचा तुकडा त्याच कापडाचा, त्याच वयाचा आणि तितकाच वापरलेला. सरावाला यापेक्षा चांगला माल बाजारात मिळत नाही. कात्री चालवण्याआधी इस्त्री तापवून मूळ मॅटवरच प्रयोग करणारे लोक हा फायदा हातचा घालवतात.

काम

सामान फारसं नव्हतं: साधी बिनवाफेची इस्त्री, बेकिंग पेपर, २० मिलिमीटर रुंदीची लाकडी पट्टी, जाड सुती कापड, स्टीलची फूटपट्टी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, युरेथेन सीलंट, आणि तापमान मोजायला थर्मोकपल (टेकवून तापमान मोजणारी तार) असलेला मल्टिमीटर. मल्टिमीटर पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आला. दुरून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन इथे दगा देते. इस्त्रीचा चकचकीत तळ तिला खऱ्यापेक्षा बराच थंड दिसतो.

बेकिंग पेपर सिलिकॉनचा लेप दिलेला हवा. मिठाईवाल्याकडचा मेणाचा कागद चालणार नाही, कारण मेण वितळून जोडात उतरतं आणि तिथे टीपीयू धरत नाही.

इस्त्रीवरचे ठिपके म्हणजे ढोबळ खुणा: एक म्हणजे जास्तीत जास्त ११० अंश, दोन १५०, तीन २००. घरगुती इस्त्रीचा थर्मोस्टॅट वीस-पंचवीस अंश वरखाली झुलतो. म्हणून दिवा विझल्यावर अर्धा मिनिट थांबून, थर्मोकपलने १५० ते १५५ दिसल्यावरच टेकवायची असं ठरलं. नायलॉन वितळायला २२० च्या पुढे जावं लागतं, म्हणजे मधे अंतर पुरेसं आहे, पण तीन ठिपक्यांवर ते झुलण्यातच संपतं.

तुकड्यावरचे पहिले तीन जोड खराब निघाले. उजेडात धरल्यावर जोडाच्या पट्टीत बारीक फोड दिसत होते. तापमान वाढवावं असा मोह अशा वेळी होतो. खरं कारण ओलावा होता. टीपीयू हवेतलं पाणी शोषतो. ही मॅट वर्षानुवर्षं तोंडाने फुगवलेली, वर ऑगस्टमधली पुण्याची हवा, आणि दोन दिवसांपूर्वी तिला साबणाच्या पाण्याने आंघोळही घातलेली. दाबाखाली ते पाणी वाफ होऊन फोड धरत होतं. मॅट आणि तुकडा दोन्ही, कापलेली तोंडं कपड्यांच्या चिमट्यांनी उघडी ठेवून आणि व्हॉल्व्ह उघडा ठेवून, दोन दिवस पंख्याखाली टांगले. त्यानंतर त्याच तापमानाला, तेवढ्याच वेळात जोड काचेसारखा पारदर्शक आला.

जोड चांगला की वाईट, हे तो ओढून पाहिल्यावर कळतं. कच्चा असेल तर दोन्ही थर चकाकत सुटे होतात. पक्का असेल तर टीपीयू नायलॉनवरून उचकटतो किंवा कापड फाटतं. फार तापला असेल तर टीपीयू विणीतून बाहेर येतो, पट्टी कडक होते आणि घडीवर तडा जातो. या मॅटला कडकपणा चालणारच नव्हता. सपाट ७८ सेंटिमीटरची कड फुगल्यावर ५० मध्ये बसायची म्हणजे ती झालरीसारखी दुमडणार, दर वेळी.

ताकदीची कसोटी त्याने आकड्यात घेतली. तोंडाने फुगवलेल्या मॅटमध्ये दाब अर्ध्या पीएसआयच्या आसपास, म्हणजे साडेतीन किलोपास्कल. साडेतीन सेंटिमीटर त्रिज्येच्या नळीच्या टोकाला त्याने सेंटिमीटरमागे साधारण ६० ग्रॅम ओढ येते. कुणी गुडघा टेकला की ती काही पट होते. म्हणून सरावाच्या जोडातून दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापली, एक थर वर पकडून दुसऱ्याला एक लिटर पाण्याची भरलेली बाटली टांगली. सेंटिमीटरला अर्धा किलो, म्हणजे आठपट. दहा मिनिटं टिकली तर तापमान आणि वेळ पक्के. तिसऱ्या पट्टीला जमलं: १५२ अंश, १२ सेकंद.

जोडाच्या रुंदीबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. पट्टी रुंद केली की जोड मजबूत होतो असं वाटतं. सोलवटून निघणाऱ्या जोडात सगळा भार आतल्या कडेवर येतो, मग पट्टी एक सेंटिमीटर असो की चार. रुंदीमुळे हवेला बाहेर पडायची वाट लांब होते, बारीक दोष एकमेकांना जोडले जात नाहीत. त्यासाठी २० मिलिमीटर पुष्कळ.

मूळ मॅटवर काम असं झालं. कापलेल्या तोंडाच्या आतल्या बाजू चार सेंटिमीटरपर्यंत अल्कोहोलने पुसून वाळवल्या. बाहेरचे दोन्ही कोपरे चार सेंटिमीटरच्या गोलाईने कापले, कारण चौकोनी कोपऱ्यात ओढ एका बिंदूवर साचते. फळीवर लाकडी पट्टी, तिच्यावर बेकिंग पेपर, मॅट, पुन्हा बेकिंग पेपर. पट्टीमुळे दाब फक्त २० मिलिमीटरवर येतो आणि आतल्या बाजूचं कापड चुकून चिकटत नाही. सुरुवात मधोमध, मग दोन्ही बाजूंना, म्हणजे सुरकुत्या बाहेर ढकलल्या जातात. इस्त्री टेकवायची, सरकवायची नाही. १२ सेकंदांनी उचलून लगेच त्या जागेवर थंड फूटपट्टी २० सेकंद दाबून धरायची. गरम टीपीयूला ताकद नसते, गार होण्याआधी हलवला तर जोड तिथेच उघडतो. पुढचा टेकाव मागच्यावर अर्धा.

कमरेच्या छिद्रावर इस्त्रीने ठिगळ लावायचा मोह टाळला. वरून तापवलं तर नळीच्या आतले दोन थर एकमेकांना चिकटतात. तोंड उघडं असताना लांब पट्टीवर बेकिंग पेपर आत सरकवून ते टाळता येतं, आणि मोठा चिरा असता तर तसंच करावं लागलं असतं. मिलिमीटरच्या छिद्राला एवढा खटाटोप नको. जोड पुरा झाल्यावर ती जागा अल्कोहोलने तीनदा पुसली, युरेथेनचा थेंब ठेवला आणि व्हॉल्व्हला तोंड लावून मॅटमधली हवा हलकेच ओढली. थेंब छिद्रात खेचला जातो. वर रुपयाच्या नाण्याएवढा पातळ थर, आणि २४ तास हात नाही. युरेथेन हवेतल्या ओलाव्याने वाळतं, त्यामुळे पावसाळा इथे मदतीला आला. उघडलेली ट्यूब मात्र त्याच ओलाव्याने आतून दगड होते. झाकण घट्ट करून फ्रीझरमध्ये ठेवली तर पुढच्या वर्षी कामाला येते.

परिणाम

पहिली रात्रीची चाचणी फसली. मॅटवर प्लायवूड, त्यावर पाण्याचे २० लिटरचे दोन भरलेले जार, म्हणजे ४० किलो. रात्री दहाला जाडी मोजली, सकाळी सहाला ती निम्म्यावर आली होती. साबणाच्या पाण्याने दोन्ही गोल कोपरे दाखवले. नवा जोड जिथे बाजूच्या जुन्या जोडाला भिडतो, तिथे जुन्या जोडाच्या कडेला कंपनीच्या यंत्राने दाबताना बाहेर आलेल्या टीपीयूची बारीक कणी होती. सपाट इस्त्री आणि टणक लाकूड यांच्यात ती कणी दोन्ही पृष्ठभाग वर उचलून धरत होती आणि तिच्या शेजारी केसाएवढी पोकळ वाट राहत होती.

लाकडावर सुती कापडाची चौपदरी घडी ठेवून इस्त्रीच्या टोकाने दोन्ही कोपरे पुन्हा दाबले. मऊ बैठक असली की दाब खोलगट जागेतही पोचतो. डावा कोपरा बंद झाला. उजव्यातून मिनिटाला एखादा बुडबुडा येतच राहिला. तिसऱ्यांदा तापवायचं की सीलंट लावायचं? दोनदा तापलेली कड आधीच कडक वाटत होती, म्हणून बाहेरून जोडाच्या कडेला युरेथेन भरून पुन्हा आतून हवा ओढली. पुन्हा कापायला जागा शिल्लक होती, पण ती लागली नाही.

दुसऱ्या चाचणीत आठ तासांत तीन मिलिमीटर घट आली. खोली रात्रीत तीन अंशांनी गार झाली होती आणि ताणाखाली कापडही किंचित पसरतं, त्यामुळे हे समाधानकारक मानलं. मॅटचं वजन ४१० वरून ३१४ ग्रॅमवर आलं. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या, दोन्ही हंगामांत जोड धरून राहिला. मॅटवर एक नवं छिद्र पडलं, तेही वरूनच, गुडघ्यापाशी. झोपताना मोजे बदलले होते, पँट बदलली नव्हती.

काय वेगळं करता आलं असतं

गळती शोधणं आणि इस्त्री यांच्यात आठवडाभर अंतर ठेवायला हवं होतं, किंवा हे काम एप्रिलच्या कोरड्या हवेत उरकायचं. पावसाळ्यात माळ्यावर दमट पडलेल्या मॅटचं टीपीयू तसंही खराब होतं. काही प्रकारच्या टीपीयूची साखळी पाण्याने तुटते आणि थर चिकट होऊन सोलतो. तोपर्यंत पोचलेली मॅट कुठल्याच इस्त्रीने सुधारत नाही.

सरावाचे सगळे जोड तुकड्याच्या मधल्या भागावर घेतले गेले. तुकड्याला बाजूच्या जुन्या कडाही होत्या. एक सराव त्या कडेवर केला असता तर कोपऱ्याचा दोष मॅटवर येण्याआधी कळला असता. या प्रकरणातली सर्वांत स्वस्तात टळण्यासारखी चूक हीच.

तोंडाने फुगवणं ती अजूनही सोडत नाही. व्हॉल्व्हला बसणारी पंप-पिशवी ५०-६० ग्रॅमची, म्हणजे वाचवलेल्या वजनाचा मोठा वाटा तीच खाते, हे तिचं म्हणणं खोटं नाही. कपडे भरायच्या पिशवीलाच व्हॉल्व्हवर बसणारी नळी शिवून घेता आली असती, दहा ग्रॅममध्ये काम झालं असतं.

हीच पद्धत उबेच्या मॅटवर उचलून लावू नये. आत फायबर असेल तर तो जोडात अडकतो, रुपेरी फिल्म असेल तर टीपीयूला टीपीयू भिडतच नाही. आडव्या नळ्यांच्या मॅटमध्ये काप नळ्या वेगळ्या करणाऱ्या दोन पडद्यांच्या नेमका मधे घ्यावा लागतो. आतला पडदा सुटून मॅटला फुगवटा आला असेल, तर कापून काही साधत नाही आणि घरी इलाजही नाही. फोम भरलेली, आपोआप फुगणारी मॅट मात्र कापता येते: कापलेल्या कडेचा फोम अडीच-तीन सेंटिमीटर आतपर्यंत कापडावरून साफ सोलून काढायचा आणि मग वरच्यासारखीच इस्त्री.

पुढच्या वर्षी मे महिन्यात ती हिमालयात जाणार आहे. या मॅटचा आर-व्हॅल्यू, म्हणजे जमिनीचा गारवा अडवण्याचं माप, दीडच्या आसपास धरला तर चार हजार मीटरवर ती एकटी पुरणार नाही. दोन मॅट एकावर एक ठेवल्या की आर-व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते, म्हणून खाली पूर्ण लांबीची घडीची फोमची मॅट घ्यायचा विचार आहे. तिचा आर-व्हॅल्यू दोनच्या जवळ असतो, वजन मात्र चारशे ग्रॅमच्या घरात. बेरीज साडेतीन आणि सातशे ग्रॅम. एवढ्या वजनात उबेची एकच चांगली फुगवायची मॅट येते आणि वर दोनशे ग्रॅम उरतात, असं दादाचं मत. फोमला पंक्चर होत नाही, असं तिचं.